व्याकरणाचे तक्ते: तिसरी-चौथीच्या वर्गात जून ते मार्च वापरल्यावर

जूनमध्ये मराठी व्याकरणाच्या 12 तक्त्यांचा तयार संच पदरच्या पैशांनी घेतला. माझी शाळा बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, दोन्ही एकाच खोलीत. तिसरीला फळ्यावर काही समजावत असताना चौथीची मुलं रिकामी बसतात, आणि रिकामी मुलं काय करतात ते कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको. भिंतीकडे बघून त्यांना आपलं आपण काम करता यावं, एवढ्यासाठी मी हे तक्ते घेतले. आता मार्च संपत आलाय. संच घ्यावा का असं दोन-तीन शिक्षक मैत्रिणींनी विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वस्तूबद्दल. तक्ते प्लॅस्टिकचं आवरण चढवलेले, वर-खाली पट्ट्या आणि अडकवायला दोरी. फाटले नाहीत, पावसाळ्यात खोली गळली तरी टिकले, हे मोठं काम. पण ते चकाकतात. आमच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. सकाळच्या वेळी समोरच्या भिंतीवरचा तक्ता मागच्या मुलांना नुसता पांढरा दिसायचा, आणि हे माझ्या आठवडाभर लक्षातच आलं नाही. एक मुलगा सारखी मान वाकडी करून बघत होता, तेव्हा मी त्याच्या जागेवर जाऊन बसले आणि मग कळलं. अक्षरही बारीक. एकेका तक्त्यावर तीस-तीस शब्द आणि तेवढीच चित्रं. तिसऱ्या रांगेच्या मागे त्यातलं काही वाचता येत नाही. शिवाय दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलेलं: ‘स्त्रिलिंग’ आणि ‘नपुसकलिंग’. जो शब्द शिकवायचा तोच चुकीचा छापलेला. व्हाइटनर लावून दुरुस्त केला, पण मनाला लागलं. मुलं भिंतीवरचं छापील अक्षर माझ्यापेक्षा जास्त खरं मानतात. विकत घेताना गुंडाळी दुकानातच उघडून प्रत्येक तक्ता वाचा, एवढं आवर्जून सांगते.

आता आतल्या मजकुराकडे येते. लिंगाच्या तक्त्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला आणि शिकवलंही सगळ्यात जास्त. त्यात तीन रकाने. पुल्लिंगाखाली बाबा, राजा, बैल. स्त्रीलिंगाखाली आई, राणी, गाय. नपुंसकलिंगाखाली झाड, पुस्तक, घर. दिसायला सुबक. पंधरा दिवसांनी मी विचारलं, ‘दगड’ कोणत्या लिंगात? अर्ध्या वर्गाने नपुंसकलिंग सांगितलं. का? तर तो निर्जीव आहे. “तो निर्जीव आहे” असं म्हणताना त्यांनी स्वतःच ‘तो’ म्हटलं होतं! चित्रांनी त्यांच्या मनात एक नियम पक्का केला होता: पुरुष, बाई आणि वस्तू. मराठीत असं नाही. दगड तो, भिंत ती, घर ते, तिन्ही निर्जीवच. मुलाच्या जिभेला हे बरोबर माहीत असतं, पण तक्त्याने त्याला जिभेवरचा भरवसा सोडायला लावला.

मग तो तक्ता उतरवला. तीन दोऱ्या बांधल्या, एकेकीवर निळी, लाल आणि हिरवी चिठ्ठी लावली: ‘तो’, ‘ती’, ‘ते’. जुन्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलाने चित्र उचलायचं, वाक्य बोलायचं, ‘ही विळी धारदार आहे’, आणि चिमट्याने त्या दोरीवर लावायचं. ‘ही’ तोंडातून आपोआप आलं की जागा ठरली. पालीचं चित्र आलं तेव्हा एकीने विचारलं, “मॅडम, नर पाल असंल तर?” सुंदर प्रश्न. पाल, घूस, खार, घार या नेहमी ‘ती’. साप, गरुड, सुरवंट नेहमी ‘तो’. हे त्या दिवशी मुलांनीच शोधून शोधून दोरीवर लटकवलं. ‘वेळ’ आणि ‘बाग’ यांवरून भांडण झालं, कारण दोन्ही बाजू बरोबर होत्या. ते शब्द आम्ही दोन दोऱ्यांच्या मधोमध लावले.

विभक्तीचा तक्ता संचातला सगळ्यात रंगीत. आठ ओळी, एकवचन-अनेकवचन, प्रत्यय लाल अक्षरात. मी लहान असताना जे पाठ केलं तेच माझ्या मुलांनीही केलं: स-ला-ते, स-ला-ना-ते. चालीवर म्हणायला त्यांना फार आवडतं. पण त्याच मुलांनी त्याच आठवड्यात ‘शाळामध्ये’ आणि ‘घोडावर’ लिहिलं. द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच का, असं चौथीतल्या एकाने विचारलं. संस्कृतच्या साच्यातून आलेली ही मांडणी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कशी उलगडून सांगणार? माझं स्पष्ट मत झालंय की प्राथमिकला हा तक्ता भिंतीवर नकोच. मूल अडखळतं ते प्रत्ययापाशी नाही, प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो तिथे. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात, आणि त्याचाच तक्ता अख्ख्या संचात नव्हता.

तो मी ऑगस्टमध्ये स्वतः केला, आणि वर्षभरातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच ठरली. ड्रॉइंग शीटवर मधोमध एक जुन्या घराचं बुटकं दार काढलं. दाराच्या डावीकडे मूळ शब्द, चौकटीवर प्रत्यय, उजवीकडे आत गेलेला शब्द. आमच्याकडच्या जुन्या घरांत शिरताना मान वाकवावी लागते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक. तसाच शब्दही वाकतो. कोयता दारातून जाताना ‘कोयत्या’ होतो, मग ‘कोयत्याने’. शाळा ‘शाळे’ होते, मग ‘शाळेत’. घर ‘घरा’ होतं. पाणी ‘पाण्या’ होतं. नदी मात्र वाकत नाही, ‘नदीत’. ती आधीच ठेंगणी, असं मुलांनी ठरवून टाकलं.

या तक्त्याची खरी करामत ऱ्हस्व-दीर्घात दिसली. ऊस, पण उसात. वीट, पण विटेवर. विहीर, पण विहिरीत. गूळ, पण गुळाचा. बहीण, पण बहिणीला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 18 आहेत, 14 नियम 1962 चे आणि 4 नंतर 1972 मध्ये आलेले. त्यातला हा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातल्या, स्वराचा नियम मी स्वतः डी.एड.ला घोकून पाठ केला होता. मुलांना तो नियम म्हणून सांगितलाच नाही. दारातून जाताना ‘ऊ’ची शेपटी आखूड होते, एवढंच. सगळे शब्द असे वागत नाहीत. ‘गीतात’, ‘शरीराला’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ताठ मानेनेच आत जातात. त्यांच्यासाठी बाजूला एक मोठं दार काढलं, आणि तिथे शब्द थोडेच ठेवले.

एक गोष्ट मला माझ्या चौथीने दाखवली. ‘वीट’चं ‘विटे’ का, आणि ‘भिंत’चं ‘भिंती’ का? दोन्ही ‘ती’, दोन्हींच्या शेवटी ‘अ’. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. एका मुलीने वचनाच्या तक्त्याकडे बोट केलं: अनेक विटा, अनेक भिंती. जिचं अनेकवचन ‘आ’ने संपतं, ती दारात ‘ए’ होते: विटा-विटेवर, जिभा-जिभेवर. जिचं ‘ई’ने संपतं, ती ‘ई’च राहते: भिंती-भिंतीवर, विहिरी-विहिरीत. एवढी वर्षं शिकवतेय, पण दोन तक्ते शेजारी टांगले नसते तर हे मला एका नजरेत दिसलं नसतं. तेव्हापासून वचन आणि सामान्यरूप यांचे तक्ते मी कधी लांब ठेवले नाहीत.

क्रियापदाच्या तयार तक्त्यावर सगळी वाक्यं मुलाची: राम जातो, राम खातो, राम खेळतो. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली. एकीने ‘मी शाळेत जातो’ असं तक्त्यावरून उतरवून काढलं. बोलताना ती कधीच असं म्हणत नाही. म्हणून दुसरा तक्ता केला, आणि त्यात ते तीन रंग पुन्हा आणले. मुलगा भाकर खातो: मुलगा निळा, ‘खातो’ची शेपटी निळी. मुलगी भाकर खाते: दोन्ही लाल. मग खाली: मुलाने भाकर खाल्ली. मुलाने आंबा खाल्ला. मुलाने केळं खाल्लं. आता क्रियापदाला कोणता रंग? मुलं आधी खाणाऱ्याकडे बघत राहिली. मग मागून एकजण ओरडला, “जे खाल्लं त्याचा रंग!” कर्तरी, कर्मणी ही प्रयोगांची नावं मी घेतली नाहीत, पुढच्या वर्गात येतील. पण पुढे ती नावं येतील तेव्हा या मुलांना भाकरीचा रंग आठवेल, याची मला खात्री आहे.

बाकीचे भराभर सांगते. विरामचिन्हांचा तक्ता चांगला, अक्षर मोठं, वर्षभर उपयोगी पडला. काळाचा ठीक. एसटी आली, येत आहे, येईल हे चित्र मुलांना लगेच समजलं. शब्दांच्या आठ जातींचं झाड दिसायला छान, पण तिसरी-चौथीला त्यातल्या चारच फांद्या पुरतात. उरलेल्या चार मी कागदाने झाकल्या. वर्णमालेच्या तक्त्यात ॲ आणि ऑ नव्हते. 2009 च्या शासननिर्णयातल्या वर्णमालेत हे दोन्ही स्वर आहेत आणि ‘बॅट’, ‘डॉक्टर’ मुलं रोज लिहितात, म्हणून ते हाताने लिहून जोडले. सर्वनामांचा तक्ता बरा, पण त्याच्या शेजारी मी आणखी एक लावला: एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. मपला – माझा. तुपला – तुझा. कामून – कशासाठी. घरच्या शब्दावर काट मारायची नाही, हा माझा कडक नियम आहे. दोन्ही रकाने सारख्याच मोठ्या अक्षरात. हा तक्ता लागल्यावर कधीही तोंड न उघडणारी दोन मुलं घरचे शब्द सांगायला उठून उभी राहायला लागली.

मग हा संच घ्यावा का? बारापैकी चार-पाच तक्ते खरंच कामाचे निघाले. शाळेत काहीच नसेल आणि हाताशी वेळ नसेल तर सुरुवात म्हणून घ्या. पण बाराच्या बारा एकदम टांगू नका. मी जूनमध्ये टांगले होते. दिवाळीपर्यंत मुलांच्या लेखी ती भिंतच झाली होती, कोणाची नजर तिकडे जाईना. नंतर एका वेळी दोनच ठेवले. चूक झाली की मुलाने उठून तक्त्यापाशी जायचं, बोट ठेवायचं, शब्द मोठ्याने वाचायचा आणि परत येऊन दुरुस्त करायचा. मी लाल पेनाने दुरुस्त केलेला शब्द पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकतो. बोट ठेवून दुरुस्त केलेला सहसा चुकत नाही. आणि दोन वर्ग एका खोलीत सांभाळायचे म्हणून हा खटाटोप केला होता, तर ते काम दाराच्या तक्त्याने आणि तीन दोऱ्यांनी झालं. तिसरी माझ्याबरोबर फळ्यावर असताना चौथी तासभर आपापसात वाद घालत शब्द लावत बसते.

दिवाळीनंतर आमच्याकडची काही घरं ऊसतोडीला जातात. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात येतात, तरी यंदा माझी चार मुलं आईबापाबरोबर गेलीच. जाताना प्रत्येकाच्या दप्तरात दाराच्या तक्त्याची वहीच्या पानावर काढलेली नक्कल घडी घालून दिली होती. मागची बाजू मुद्दाम कोरी. त्यातली एक मुलगी गेल्या आठवड्यात परत आली. कागदाच्या घड्या मळून काळ्या पडलेल्या, पण मागची बाजू गच्च भरलेली. कोपी – कोपीत. मोळी – मोळीला. पाचट – पाचटात. वाढं – वाढ्याचा. सगळं उसाच्या फडातलं: कोपी म्हणजे झोपडी, पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं, वाढं म्हणजे उसाचा शेंडा. आणि सगळं बरोबर. शेवटच्या ओळीत ‘टायर’ हा शब्द होता, म्हणजे ऊस वाहायची बैलगाडी. त्याच्यापुढे तिने ‘टायरवर’ लिहून खोडलं होतं, ‘टायरावर’ लिहून तेही खोडलं होतं. “मॅडम, हा वाकतो का नाही?” तिने विचारलं. टेबलवर आणि टेबलावर आपण दोन्ही म्हणतो, हे मी तिला सांगितलं, आणि मोठ्या तक्त्यावर बाहेरून आलेल्या शब्दांसाठी तिसरं दार काढायला तिलाच बसवलं. त्याची चौकट अजून अर्धीच रंगवून झाली आहे.