अर्धांगवायूनंतरचा हात: हातमोजा की आरसा?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) रोज फिजिओथेरपीसाठी जाणे बहुतेकांना झेपत नाही. मग घरी काय करायचे?

पहिली पद्धत म्हणजे चांगला हात जाड हातमोज्यात अडकवून दुबळ्या हाताला कामाला लावणे. 222 रुग्णांच्या एक्साइट चाचणीत (2006) दोन आठवडे, जागेपणीच्या 90 टक्के वेळ मोजा हे लक्ष्य होते, शिवाय कामाच्या दिवशी 6 तासांपर्यंत सराव. अट होती: मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटे किमान 10 अंश तरी वळायला हवीत. घरी सराव म्हणजे चमच्याने पेज खाणे, सोलां (आमसुलं) एकेक उचलून बरणीत टाकणे. फसते कुठे? घरच्यांना दया येते आणि मोजा निघतो. न्हाणीघरात, जिन्यावर मात्र काढाच. तोल गेला तर आधाराला तो चांगलाच हात.

बोटे हलतच नसतील तर आरसा. तो छातीसमोर मधोमध, चांगल्या हाताकडे तोंड करून उभा ठेवायचा, दुबळा हात आरशामागे लपवायचा. प्रतिबिंबाकडे पाहत चांगली मूठ सावकाश उघडायची-मिटायची: 30 मिनिटे, आठवड्यातून 5 दिवस, चार आठवडे. अंगठी, घड्याळ उतरवा, नाहीतर प्रतिबिंब आपला हात वाटत नाही. कंटाळवाणे आहे खरे, पण खर्च फक्त आरशाचा.

मूठ थोडीफार उघडत असेल तर आम्ही मोजाच सुचवू.