पाठमोरा नर्तक आणि अर्धे वाक्य

सांकेतिक भाषा नृत्यात आणि संवादात सामावून घेतलेले दीड तासाचे एक नृत्यनाट्य नुकतेच एका कर्णबधिर स्नेह्यासोबत पाहिले. मंचाच्या कडेला दुभाषा उभा करून मोकळे होण्याच्या रूढ पद्धतीत बधिर प्रेक्षकाची नजर नट आणि दुभाषा यांच्यामध्ये सतत धावत राहते आणि दोन्हीकडचे थोडेथोडे निसटते. येथे पात्रे स्वतःच हातांनी बोलतात, ही या प्रयोगाची मोठी जमेची बाजू आहे.

लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली स्थापन झालेल्या डेफ वेस्ट थिएटरने आपल्या संगीत नाटकांत एकच भूमिका दोघांना वाटून दिली आहे : बधिर नट खुणांनी बोलतो आणि ऐकू येणारा नट त्याचा आवाज होतो. तीच योजना येथेही आहे. आई-मुलीच्या भांडणात मुलगी आईकडे पाहायचेच नाकारते, म्हणजे या भाषेत कानांत बोटे घालते. तिचा आवाज झालेल्या नटीला मात्र आईचे प्रत्येक वाक्य सोसावे लागते. संपूर्ण प्रयोगात इतका नेमका प्रसंग दुसरा नाही.

नृत्याची बाजू तितकी पक्की नाही. खूण ही हाताचा आकार, ती करण्याची जागा आणि हालचाल अशा घटकांची बनलेली असते, हे भाषाभ्यासक विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून १९६० मध्ये दाखवून दिले. यांतला एक घटक बदलला तरी शब्द बदलू शकतो. नर्तकाला हात लांबवण्याचा मोह होतो, छातीपाशी करायची खूण तो डोक्यावर नेतो आणि अर्थ वाटेतच गळून पडतो. (शास्त्रीय नृत्यातल्या हस्तमुद्रांना सरावलेल्या प्रेक्षकाला खुणा आणि मुद्रा एकच वाटण्याचा संभव आहे, पण मुद्रांमध्ये कोणी घरचे भांडण भांडत नाही.) उत्तरार्धातील समूहनृत्यात सगळ्यांचे हात एका लयीत फिरले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. ते काय म्हणत होते, असे मी विचारले, तर स्नेह्याने फक्त खांदे उडवले.

प्रकाशयोजनाकाराला बहुधा कोणी विश्वासात घेतले नसावे. अनेक सांकेतिक भाषांत प्रश्न भुवयांनी विचारला जातो, त्यामुळे मागून प्रकाश टाकून चेहरा काळा केला की प्रश्न आणि विधान यांतला फरकच नाहीसा होतो, तर पाठमोऱ्या नर्तकाचे वाक्य अर्ध्यावर तुटते. वेशभूषा मात्र एकरंगी असल्याने हात स्वच्छ दिसतात. बधिर प्रेक्षकांसाठी राखलेल्या खुर्च्या अगदी कडेला होत्या. तिकीट काढताना मधल्या जागा आग्रहाने मागून घ्याव्यात.

शेवटी एक बधिर नर्तकी एकटीच येते. संगीत थांबलेले असते. ती एकच खूण हळूहळू मोठी करत नेते, पण तिची जागा आणि आकार ढळू देत नाही. स्नेही तेवढ्यासाठी पुन्हा जाणार आहे.