गुडघ्यासाठी घेतलेले अल्ट्रासाउंड यंत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

उजव्या गुडघ्याची झीज एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसल्यावर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने मी १ मेगाहर्ट्‌झचे घरगुती अल्ट्रासाउंड यंत्र (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सांध्यात सोडणारे) घेतले आणि पावसाळ्यापासून ते नियमित वापरत आहे. त्याने सांध्याचा ताठरपणा तासाभरासाठी सैल होतो, आणि त्या तासात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम निभावतात. खोक्यावर छापलेला ‘कूर्चेची (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराची) पुनर्निर्मिती’ हा दावा मात्र मला पटलेला नाही.

दाव्यामागे शास्त्र अजिबात नाही, असे नव्हे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. चालताना भार पडतो आणि सुटतो, त्या दाबाने सांध्यातील द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो आणि पेशींना पोषण मिळते. या पेशींना भार जाणवतोही: पेशीच्या आवरणावरील पिझो-१ आणि पिझो-२ या वाहिन्या (प्रथिनांची सूक्ष्म दारे) ताणाने उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पेशीचे काम बदलते. (पिझो वाहिन्यांच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.) प्रयोगशाळेतील बशीत मंद, स्पंदित अल्ट्रासाउंड दिल्यावर कूर्चेच्या पेशी कोलॅजन आणि अ‍ॅग्रिकॅन हे कूर्चेचे मुख्य घटक जास्त बनवतात, असेही आढळले आहे.

परंतु तिथली तीव्रता अनेकदा दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट इतकीच असते, तर माझ्या यंत्राची सर्वांत खालची पायरी ०.५ वॅटची आहे. शिवाय बशीतल्या पेशी लहरींसमोर उघड्या असतात. गुडघ्यात वाटी आणि मांडीचे हाड आड येते, आणि हाड लहरी परतवते किंवा शोषून घेते. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून, सांधेझिजेवर अल्ट्रासाउंड देऊ नये असे सुचवले, ते मला कठोर वाटले तरी अनाठायी वाटत नाही.

वापरताना जेलमध्ये कंजुषी करू नये. हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी आत जात नाहीत आणि यंत्राचे डोके नुसतेच तापते. ते संथ गोलाकार फिरवत राहावे. वाटीच्या कडेशी थांबले की हाडावर खोल, बोचरी कळ येते. पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि त्या भागात कर्करोग झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे यंत्र घेऊ नये.

डोक्यापाशी वायर लवकर चिरली आणि दुरुस्तीला विक्रेत्याने फार वेळ लावला.