ड्राइव्हच्या 'वॉटर कूलिंग किट'मध्ये 91,800 चा चुना लागला, तुम्ही सावध राहा

राजेहो, ज्यांची दाल मिल, जिनिंग नाहीतर तेलघाणी व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) चालते त्यांनी हे पूर्ण वाचा. उन्हाळ्यात ड्राइव्ह ट्रिप व्हायला लागला की हे लोक बरोबर वास काढत येतात.

आमची छोटी दाल मिल आहे, अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. 40 एचपीची मोटर, 30 किलोवॅटचा ड्राइव्ह, वर टिनाचं शेड. एप्रिल लागला की दुपारी ओव्हर टेम्परेचर दाखवून बंद. बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग 40 डिग्रीपर्यंतच असते, त्याच्यावर गेलं की लोड कमी करा म्हणते मॅन्युअल, आणि आपल्याकडं सावलीतच 44-45. ड्राइव्ह स्वतः नऊशे वॉटच्या आसपास उष्णता सोडते, म्हणजे पॅनलमध्ये एक इस्त्री सतत चालू. ती बाहेर नाही गेली तर आतली आयजीबीटी (मोटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळते. म्हणून आम्ही घाईत होतो, शेतकऱ्यायची तूर पडून, रोज फोन.

त्याच वेळी हा माणूस आला. अंगात ड्राइव्ह कंपनीच्या नावाचा टीशर्ट, हातात लॅपटॉप, म्हणे "भाऊ, जुनी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) काढून शुद्ध तांब्याची कोल्ड प्लेट बसवू, पाणी फिरल, बाहेर 47 असू द्या, आत 25 डिग्रीची गॅरंटी." 40,000 ॲडव्हान्स यूपीआयवर, माल आल्यावर 46,500, गाडीभाडं 1,800, फिटिंग 3,500. एकूण 91,800.

25 डिग्री ही शुद्ध थाप आहे. रेडिएटर आणि पंखा पाण्याला आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, त्याला कॉम्प्रेसर लागते. कोणी बिना कॉम्प्रेसरचं 25 म्हटलं की तिथंच गेट दाखवा.

आणि ती प्लेट! 40 बाय 25 सेंटिमीटर, 2 सेंटिमीटर जाड. तांबं असतं तर 18 किलोच्या जवळपास भरलं असतं. फिटिंगवाल्या पोरानं एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात मोबाइल, बोलत बोलत आणून ठेवली. मी समोर उभा. पाच पावलांवर आमचा वजनकाटा, दिवसभर त्याच्यावर पोते चढतात. ते आठवलं की अजूनही डोकं फिरते. पण सांगा, मी काय इंजिनिअर आहे का? बिलावर 'कॉपर' छापलेलं, रंग तांब्याचा, बाहेर गिऱ्हाईक उभं, कोण काटा लावते अशा वेळी? नंतर वाइंडिंगवाल्यानं कानस मारली तर आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. वजन, साडेपाच किलो.

पंप म्हणजे आपल्या घरच्या कूलरमध्ये टाकतो तोच, स्टिकर खरडलेलं. आणि त्या पोरानं पाणी भरलं आमच्याच बोअरचं, निळा रंग टाकून! खारं पाणी, तांब्याचे जोड, ॲल्युमिनियमची प्लेट, मग ॲल्युमिनियम खाल्ल्या जाणारच. जोडाजवळ पांढरी भुकटी धरली, मग गळती, आणि भर दुपारी आयजीबीटी धडाम. दुरुस्ती 38,000 वेगळी. पाणी फिरवायचंच असेल तर डीआयोनाइज्ड पाणी आणि ग्लायकॉलच लागते, बोअरचं कधीच नाही.

बिल पाहा, बिल. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. याच्या बिलावर पत्ता नागपूरचा, नंबर 24 म्हणजे गुजरातचा, आणि लावला सीजीएसटी-एसजीएसटी, जो एकाच राज्यातल्या विक्रीवर लागते. पोर्टलवर टाकला तर भलत्याच दुकानाचा, तोही रद्द झालेला.

आता ठाण्यातलं ऐका. साहेब म्हणे, "माल तर भेटला ना तुम्हाले? मग हा सिव्हिल मॅटर आहे." अरे, तांबं म्हणून रंग मारलेलं ॲल्युमिनियम विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशाला केलं मग? दुसरा म्हणे आरोपी नागपूरचा, तिकडं जा. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कोणाचीही असो गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवणं, कायद्यात आहे म्हटलं तर "तुम्ही आम्हाले कायदा शिकवता का?" अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाही, उद्या या, साहेब बंदोबस्तात आहेत, शिक्का नाही, ज्याच्याजवळ चावी तो सुट्टीवर. आमचा धंदा बंद, यायचं चहापाणी चालू. ग्राहक आयोगात तक्रारीचं विचारलं तर तिथला बाबू म्हणे धंद्याची वस्तू बसत नाही. 2019 च्या कायद्यातच लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेली असेल तर तो ग्राहकच, पण वाचते कोण!

पैसे यूपीआयवर गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, ठाण्याची वाट पाहू नका. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका.

सगळ्यात राग याचा येते की नंतर खऱ्या कंपनीच्या माणसानं जुनी हीटसिंक पाहिली, फिन्समध्ये (धातूच्या पात्यांमध्ये) डाळीचा भुसा ठासून भरलेला आणि पंख्याची बेअरिंग गेलेली. नवा पंखा 1,400 रुपये. पॅनल शेडमधून काढून बाजूच्या खोलीत नेला, वरखाली हवेला जागा सोडली, दर आठवड्याला ब्लोअर मारतो, मेमध्ये चाललं.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे, आता सोलर पंपाच्या कंट्रोलरसाठी तेच किट विकून राहिला. कोणाजवळ 24 नं सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरचं बिल असेल तर फोटो पाठवा, सगळे मिळून एसपी साहेबांकडं अर्ज टाकू.