मर्ज कॉल की गूगल मीट? केळीच्या धंद्यातला अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला आमचा केळीचा धंदा. सकाळी साडेसातला बागेतला मुकादम, ट्रकवाला आणि दिल्लीचा व्यापारी एकाच वेळी लाइनवर लागतात.

यासाठी मी अजूनही फोनचा साधा मर्ज कॉलच वापरतो, म्हणजे एकेकाला फोन लावून सगळे कॉल एकत्र जोडायचे. मुकादमाच्या हाताला केळीचा चीक लागलेला असतो, त्याला लिंक उघडायला कुठे सांगता? मनगटाने हिरवं बटण सरकवून तो बोलायला लागतो. बागेत रेंजची एकच काडी असली तरी आवाज पोचतो. अडचण अशी की आपण धरून साधारण सहाच जण बसतात आणि लावणाऱ्याचा फोन बंद पडला की सगळेच तुटतात. गेल्या हंगामात भाव ठरता ठरता माझी बॅटरी संपली. पुन्हा जोडेपर्यंत व्यापाऱ्याने दुसरीकडून गाडी भरून घेतली होती!

गूगल मीटच्या व्हिडिओ कॉलवर फुकटात 100 जण येतात. तिघे किंवा त्याहून जास्त असले की 60 मिनिटांची मर्यादा. झूमच्या फुकट खात्यात 40च मिनिटं मिळतात, आणि आमच्याकडे तर रामराम, पाऊसपाणी यातच दहा जातात. पण मीटवर एक सोय आहे, घडावर डाग दिसले तर कॅमेरा फणीवर धरून व्यापाऱ्याला दाखवता येतात, मग वादच उरत नाही. हिशेबाचा कागदही स्क्रीनवर सगळ्यांसमोर राहतो.

म्हणून रोजचा भाव मर्ज कॉलवर. मालाची तक्रार आणि महिन्याचा हिशेब मीटवर, तोही ऑफिसच्या वायफायवरून. मुकादमाला त्या दिवशी हात धुऊन ऑफिसात बोलावतो.