टर्बो ट्रान्स ॲम १९८९: नाव पॉन्टिॲकचं, इंजिन ब्यूकचं

कॅलिफोर्नियात एका मित्राकडे आहे ही पॉन्टिॲकची स्पोर्ट्स कार, गेल्या महिन्यात दोन तास माझ्या हातात दिली त्याने, स्वतः शेजारी जीव मुठीत धरून बसला. लांबलचक नाक, टी-टॉप (छताचे दोन तुकडे काढता येतात), आत सगळं टॅन, बाहेरून पांढरी. दुसऱ्या रंगात मिळतच नव्हती.

किल्ली फिरवली आणि खरं सांगू, जरा हिरमोडच झाला. ट्रान्स ॲम म्हटलं की आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची घरघर कानात बसलेली असते आणि ही आपली गुमान सुरू होते. पण हायवेच्या रॅम्पवर पाय दाबला, क्षणभर काहीच नाही, मग बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, काटा चढायला लागला आणि पाठ सीटला चिकटली ती चिकटलीच.

हे सगळं ब्यूकचं देणं, पॉन्टिॲक आणि ब्यूक दोन्ही जनरल मोटर्सचेच ब्रँड. १९८० मध्ये पॉन्टिॲकने ४.९ लिटरच्या व्ही-८ला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावून पाहिला होता, पॉवर जेमतेम २१० हॉर्सपॉवर, दोन वर्षांत प्रकरण आटोपलं. मग १९८९ला ट्रान्स ॲमची २० वर्षं भरत होती आणि ब्यूकची ग्रँड नॅशनल ही गाडी १९८७लाच बंद झालेली, तिचं ३.८ लिटरचं टर्बो व्ही-६ कुणाच्या तरी कामाला यायला हवंच होतं. अडचण एकच, बॉनेटखाली जागा कमी. म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या व्ही-६चे अरुंद सिलिंडर हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवले, त्यासाठी पिस्टनही बदलावे लागले. मला तर या गाडीतली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, घरातलेच पार्ट जुळवून काय करून ठेवलंय! इंजिनं पीएएस नावाच्या बाहेरच्या कंपनीने बांधली आणि गाडी तयार झाली व्हॅन नाइजच्या फॅक्टरीत, एकूण फक्त १,५५५, त्यात कन्व्हर्टिबल मोजक्याच.

कागदावर २५० हॉर्सपॉवर. त्या वर्षीची कॉर्व्हेट, जनरल मोटर्सचीच मोठी स्पोर्ट्स कार, २४०-२४५ची, म्हणजे घरच्या मोठ्या भावाच्या पुढे निघाली ही, आणि बरेच जण म्हणतात आकडा मुद्दाम कमी सांगितला. चालवल्यावर मलाही तसंच वाटलं. त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० शर्यतीला पेस कारही (स्पर्धकांच्या पुढे धावून वेग ठरवणारी गाडी) हीच होती आणि त्यासाठी इंजिनाला हात लावायची गरज पडली नाही.

आता कुरकुर. मॅन्युअल गिअरबॉक्स नाही, ४-स्पीड ऑटोमॅटिकच घ्यायचा, स्पोर्ट्स कारमध्ये हे खटकतंच. शेजारच्या सीटच्या पायाशी धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे मोठा उंचवटा आहे, परतताना मी तिथे बसलो तर डावा पाय कुठे ठेवावा कळेना. मागची सीट दप्तरं ठेवायला ठीक. दरवाजे एवढे लांब की पार्किंगमध्ये तिरकं होऊन बाहेर पडायचं.

तरी ५ पैकी ४.५. मित्र विकत नाहीये, दोनदा विचारून झालंय.