घरच्या इंटरनेटसाठी गल्लीतला केबलवाला की मोठी कंपनी?

राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, फायबर कुठेतरी तुटलंय नाहीतर दुमडलंय. पुढचा मनस्ताप कनेक्शन कोणाचं त्यावर. मोठ्या कंपनीत आधी ‘एक दाबा, दोन दाबा’, मग ‘राउटर बंद-चालू करून बघा’. तुटलेल्या फायबरला त्याचा काडीचा उपयोग नाही! पण तक्रार क्रमांक मिळतो, आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे फुकटात दादही मागता येते. केबलवाला दादा स्वतः फोन उचलतो, शिडी घेऊन येतो, खांबावरच जोड मारून देतो. गणपतीत मात्र ‘आलोच’ म्हणतो आणि गायब. लेखी काही नसतं. तरी घरून काम करणाऱ्याने दादाकडेच जावं, फक्त दर महिन्याची पावती मागून घ्यावी.